चारित्र्य कोणाचे घडवावयाचे?

दरवर्षी १५ ऑगस्टच्या सकाळी शाळाशाळांच्या पटांगणांत ध्वजवंदन होते आणि त्यानंतर मुख्याध्यापकांचे भाषण होते. भाषणाचा विषय बहुधा ठरलेला असतो. उद्याचा नागरिक आजच्या वर्गात घडत आहे. विद्येपेक्षा चारित्र्य थोर. वडीलधाऱ्यांचा मान राखा, गुरुजनांची आज्ञा पाळा, शिस्त अंगी बाणवा. २०२४ सालीही ही भाषणे झाली. त्या वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या दोन-तीन दिवस आधी, १२ व १३ ऑगस्टला, बदलापुरातील एका नामांकित शाळेच्या स्वच्छतागृहात शिशुवर्गातील दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याची फिर्याद आहे. आणि ध्वजवंदनाच्या दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्टला, त्यांतील एका मुलीचे आईबाप पोलीस ठाण्याची पायरी चढले. फिर्याद नोंदली जाण्यास त्यांना अकरा-बारा तास तिष्ठत बसावे लागले.

या दोन तारखांच्या मध्ये सापडलेला तो स्वातंत्र्यदिन चारित्र्यशिक्षणाच्या साऱ्या कल्पनेला एक साधा प्रश्न विचारून गेला आहे. शाळेत चारित्र्य घडवावयाचे ते कोणाचे? शिशुवर्गातल्या मुलीचे, की तिला सांभाळण्याचे वचन देऊन तिच्या आईबापांकडून फी घेणाऱ्या संस्थेचे? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दिल्यावाचून मूल्यशिक्षणाच्या तासिका वाढविणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतण्यासारखे आहे.

घटनाक्रम सर्वश्रुत आहे. तरी त्याची उजळणी करणे आवश्यक आहे, कारण विस्मरण हे सत्ताधाऱ्यांचे जुने हत्यार आहे. ज्याच्यावर आरोप ठेवण्यात आला तो सफाई कामगार १ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या बारा दिवसांपूर्वी, कंत्राटामार्फत कामावर आला होता. १७ ऑगस्टला त्यास अटक झाली. २० ऑगस्टला बदलापूरचे नागरिक, त्यांत प्रामुख्याने महिला, रुळांवर उतरले आणि कर्जत मार्गावरील वाहतूक दिवसभर ठप्प झाली. सायंकाळी लाठीमार झाला, दगडफेक झाली, आणि शेकडो आंदोलकांवर गुन्हे नोंदविण्यात आले. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आंदोलन राजकारणप्रेरित असल्याचे व बहुसंख्य आंदोलक बाहेरचे असल्याचे सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, पोलिसांच्या दिरंगाईवर कोरडे ओढले, आणि घटना कळूनही शाळेने ती पोलिसांना का कळविली नाही, असा खडा सवाल केला. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला; ते काही आठवडे पोलिसांना सापडत नव्हते; १ ऑक्टोबरला अटकपूर्व जामीन फेटाळला गेल्यावर २ ऑक्टोबरला त्यांना अटक झाली. योगायोग असा, की तो दिवस गांधीजयंतीचा होता.

दोषी कोण हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु चारित्र्याचा विचार न्यायालयाच्या निकालापाशी संपत नाही. एखाद्या संस्थेत अपराध घडला एवढ्यावरून तिचे चारित्र्य ठरत नाही. अपराध अत्यंत दक्ष संस्थेतही घडू शकतो. संस्थेचे चारित्र्य ठरते ते त्यानंतरच्या पहिल्या घटकेत. चार वर्षांचे मूल आपल्या बोबड्या शब्दांत काही सांगू पाहते, त्याचे आईबाप दारात येऊन उभे राहतात, तेव्हा संस्था मुलाच्या बाजूला उभी राहते की आपल्या नावाच्या बाजूला? सारी परीक्षा तेथे आहे.

आज्ञाधारकतेचा पाठ

शाळाप्रमुखांचे चारित्र्यविषयक चिंतन वर्षानुवर्षे एकाच दिशेने वाहत आले आहे. त्यांच्या मते मुले बिघडत आहेत. मोबाइलने बिघडत आहेत, चित्रपटांनी बिघडत आहेत, आईबापांच्या लाडांनी अथवा दुर्लक्षाने बिघडत आहेत. यावर उपाय म्हणजे प्रार्थना, सुविचार, पाठांतर, गणवेश, आणि हाताची घडी, तोंडावर बोट.

या तक्रारीत तथ्य नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती; त्यानंतर तर अंबरनाथ-बदलापुरात इमारतींचे रान उठले आहे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून येथे आलेले हजारो आईबाप पहाटेची गाडी पकडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. मूल दिवसाचा मोठा भाग शाळेत, शिकवणीत वा शेजाऱ्यांकडे काढते. वर्गात साठ-सत्तर मुले कोंबलेली, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची सारी कामे शिक्षकांच्या माथी, आणि वर व्यवस्थापनाचा प्रवेशसंख्येसाठी ससेमिरा. अशा स्थितीत मुख्याध्यापकाने शिस्तीचा आधार शोधला तर ते समजण्याजोगे आहे. त्याच्याकडे वैयक्तिक दुष्टता चिकटविण्याचे कारण नाही.

परंतु समजण्याजोगी गोष्ट योग्य असतेच असे नाही. आज्ञाधारकतेला चारित्र्य समजण्याची चूक केवळ तात्त्विक नाही. ती मुलांच्या जिवावर बेतते. मोठा माणूस सांगेल ते निमूटपणे करावे, मोठ्यांना उलट बोलू नये, शाळेतल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत, हे धडे ज्या मुलाने मन लावून गिरविले, ते मूल अत्याचारी माणसाच्या हाती आयतेच सापडते. अशा अपराध्याला कुलपाची वा अंधाराची तितकी गरज नसते, जितकी मुलाच्या आज्ञाधारकतेची असते. ज्या गुणाला शाळा पारितोषिक देते, त्याच गुणावर तो आपला डाव उभारतो. बदलापूरच्या त्या मुलीने घरी येऊन आपल्याला दुखते आहे हे सांगितले, यात तिच्या शाळेतील कोणत्याही सुविचाराचा वाटा नव्हता. वाटा होता तो घरात आपले ऐकून घेतले जाईल या विश्वासाचा. चारित्र्याचा आरंभ याच विश्वासात असतो.

नेमक्या त्याच वर्षी, मे २०२४ मध्ये, राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला होता. मनाचे श्लोक व गीतेचा बारावा अध्याय यांच्या पाठांतराची शिफारस त्यात होती, आणि मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात वडीलधाऱ्यांच्या वंदनाची महती सांगणारा मनुस्मृतीतील श्लोक घालण्यात आला होता. त्यावर वादळ उठले. ज्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दहन झाले, त्यातून महाराष्ट्राच्या मुलांचे चारित्र्य घडवावे असे ज्यांना सुचले, त्यांची ऐतिहासिक स्मृती तरी क्षीण असावी किंवा हेतू तरी स्पष्ट असावा. वाद त्या ग्रंथाच्या नावापुरता राहिला, हे मात्र दुर्दैव. खरा आक्षेप त्यामागील कल्पनेवर घ्यावयास हवा होता. वडिलांना वंदन करणाऱ्याचे कल्याण होते हे मुलांना पाठ करावयास सांगणारे राज्य, मुलाने हाक मारली असता वडिलांनी काय करावे, याचा श्लोक कोणाकडून पाठ करून घेते? चारित्र्याचे ओझे लहानांवर आणि त्याचे अधिकार मोठ्यांकडे, ही वाटणी मनूच्या काळची आहे. मनूचे नाव वगळल्याने ती बदलत नाही.

दुसरी परंपरा

महाराष्ट्राला याहून वेगळी परंपरा ठाऊक नाही असे नाही. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांनी खोली झाडावी म्हणून त्यांनी स्वच्छतेवर प्रवचने झोडली नाहीत. मुलांच्या अपरोक्ष ते स्वतः त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे घडी करून ठेवीत, पसारा आवरीत. मुले लाजली आणि झाडू हाती घेऊ लागली. या गोष्टी महाराष्ट्रात भाविकतेने सांगितल्या जातात आणि ऐकणारे डोळे पुसतात. पण त्यांतील कठोर सिद्धांताकडे लक्ष जात नाही. सत्ता ज्याच्या हाती आहे त्याने प्रथम आपली वर्तणूक मुलांपुढे तपासणीसाठी ठेवली पाहिजे, हा तो सिद्धांत होय. तोच माणूस १ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडावे म्हणून प्राणांतिक उपोषणास बसला. मातृप्रेमाच्या गोष्टी सांगणारा हळवा शिक्षक आणि देवळाच्या बडव्यांपुढे ठाकलेला सत्याग्रही हे दोन निराळे गृहस्थ नव्हते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू, रांधू व जेवू लागली. समतेवर निबंध लिहिण्यापूर्वी तेथील मुलगा समतेने जेवलेला असे. चारित्र्य हा तेथे वेळापत्रकातील विषय नव्हता. ते वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातच शिजत असे.

परदेशातील एक उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. पोलंडच्या वॉर्सा शहरात डॉ. यानुश कोर्चाक १९१२ पासून अनाथ ज्यू मुलांचे घर चालवीत. तेथे मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. न्यायाधीश मुलेच असत. आणि त्या न्यायालयात मुलांविरुद्ध जशी तक्रार करता येई, तशीच शिक्षकांविरुद्धही करता येई. कोर्चाक यांनी आपल्याकडून घडलेल्या चुकांबद्दल, एका मुलीवर चोरीचा खोटा संशय घेतल्याबद्दलसुद्धा, स्वतःलाच त्या न्यायालयापुढे उभे केले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नाझींनी त्या घरातील सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेले, तेव्हा सुटकेचे मार्ग नाकारून कोर्चाक मुलांबरोबर गेले आणि त्यांच्याबरोबरच मारले गेले. त्यांच्या या शेवटच्या प्रवासाचे स्मरण जगभर होते. परंतु त्या प्रवासाचे धैर्य जेथून आले ते मुलांचे न्यायालय विसरले जाते. जो शाळाप्रमुख मुलाने केलेल्या तक्रारीपुढे नम्र होऊ शकतो, तोच संकटकाळी मुलांना सोडून जात नाही.

साने गुरुजी, भाऊराव आणि कोर्चाक यांच्यात देशाचे, धर्माचे, पद्धतीचे कितीतरी अंतर आहे. पण एक सूत्र समान आहे. मुलावर संस्कार करणारी गोष्ट म्हणजे संस्थेची वागणूक. संस्था जशी वागते तसे मूल शिकते. ती जे बोलते ते फक्त ऐकते.

कंत्राटी पालकत्व

या कसोटीवर आजची शाळा का उतरत नाही, याचे उत्तर व्यक्तींच्या स्वभावात शोधण्यापेक्षा व्यवस्थेत शोधले पाहिजे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व गमावलेल्या त्या लोकांनी मुलांच्या शिक्षणाची आबाळ होऊ दिली नाही. अंबरनाथ हे आयुधनिर्माणीच्या आणि काड्यापेटी कारखान्याच्या कामगारांचे गाव. बदलापूर तर कालपरवापर्यंत भातशेतीचे खेडे. या तिन्ही गावांत शाळा ही कष्टकऱ्यांची उमेद होती आणि आजही आहे. याच उमेदीचा बाजार मांडला गेला.

शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांपुरता आहे. सर्वांत लहान, सर्वांत असहाय मूल, ज्याला आपले दुःख नीट सांगताही येत नाही, ते या हक्काच्या बाहेर राहिले. बालवर्ग म्हणजे संस्थांच्या दृष्टीने पहिलीच्या प्रवेशाची आगाऊ नोंदणी आणि उत्पन्नाची दुभती गाय. त्याच कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, परंतु विनाअनुदानित खासगी शाळांना त्यातून मोकळे ठेवले. तेथील पालक-शिक्षक संघ शुल्कनियमनाच्या २०११ च्या कायद्यामुळे मुख्यतः फीच्या आकड्यापुरता जिवंत असतो. थोडक्यात, पालक हा तेथे ग्राहक आहे. आणि ग्राहकाला पावती मिळते, जाब मिळत नाही.

शिक्षक कंत्राटी, सेविका कंत्राटी, सफाई कामगार कंत्राटी. ज्या संस्थेने त्या माणसाला पाहून, पारखून नेमलेच नाही, ती त्याच्याबद्दल जबाबदार कशी, असा युक्तिवाद करण्याची सोय कंत्राटपद्धतीतच आहे. पगार वाचतो आणि जबाबदारीही वाचते. लहान मुलींना स्वच्छतागृहात नेण्यासाठी महिला सेविका का नव्हती, या प्रश्नाचे उत्तर नैतिकतेच्या पुस्तकात मिळणार नाही. ते जमाखर्चाच्या वहीत मिळेल. मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिसांमार्फत पडताळणी करावी, असे २०२० च्या नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. शाळांतून तक्रारपेटी असावी असे शासनाने २०१७ साली सांगितले होते. सखी-सावित्री समिती नेमावी असे २०२२ साली सांगितले होते. आणि बदलापूरच्या रुळांवर लोक उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्ट २०२४ रोजी, शासनाने तेच सारे पुन्हा एकदा सांगितले, त्यात सीसीटीव्हीची भर घातली. ज्या शाळेत हे घडले तेथे कॅमेरे होते. पंधरा दिवसांचे चित्रण मात्र सापडत नाही, असे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्र्यांनीच जाहीर केले होते. कॅमेऱ्याला डोळा असतो, विवेक नसतो. सावित्रीबाई फुले यांनी अंगावर शेण-दगड झेलत मुलींची शाळा चालविली; त्यांचे नाव कागदावरच्या समितीला देऊन कर्तव्य संपले असे मानणारे शासन त्यांचा सन्मान करीत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सफाई कामगार हा गरीब, तळागाळातला. म्हणून सारा दोष त्याच्या वर्गावर ढकलून शाळेच्या फाटकावर ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावणे हा मध्यमवर्गाचा सोयीचा उपाय आहे. अत्याचार करणारा माणूस बहुधा ओळखीचा असतो. तो शिक्षक असू शकतो, नातेवाईक असू शकतो, संस्थेचा मानकरीही असू शकतो. प्रश्न अंगावरील कपड्यांचा नसून उत्तरदायित्वाचा आहे. ज्या कामगाराला कायम नोकरी, नाव, ओळख आणि प्रशिक्षण मिळते, तो शाळेचा माणूस होतो. मुलांच्या रक्षणाची पहिली भिंत होतो. कंत्राटी कामगाराच्या हक्काची मागणी आणि मुलीच्या सुरक्षेची मागणी या परस्परविरोधी नाहीत. ती एकच मागणी आहे.

राज्यसंस्थेने शिकविलेला धडा

शाळेबाहेर राज्यसंस्था हीदेखील एक शिक्षिका असते, आणि मुले तिचा धडा फार लवकर शिकतात. २३ सप्टेंबर २०२४ रोजी तळोजा कारागृहातून नेले जात असताना मुंब्रा बाह्यवळण मार्गाजवळ पोलिसांच्या वाहनात तो आरोपी गोळी लागून ठार झाला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावले म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे पोलिसांचे म्हणणे. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने जानेवारी २०२५ मध्ये या म्हणण्यावर गंभीर शंका घेतली आणि पाच पोलिसांवर ठपका ठेवला. अंतिम निवाडा न्यायालयातच व्हावयाचा. परंतु घटनेनंतर लगेच मुंबईत गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे छायाचित्र असलेले ‘बदला पुरा’ असे फलक झळकले, पेढे वाटले गेले. ज्या गावाच्या नावाची ही कोटी केली गेली, त्या गावाच्या त्या दोन मुलींना यातून काय मिळाले? खटल्यात जे बाहेर आले असते ते आरोपीबरोबर गाडले गेले. कोणाला केव्हा काय कळले, कोणी काय दडविले, हे विचारण्यासाठी आरोपी जिवंत राहणे आवश्यक होते.

त्याच्या मृतदेहाचीही परवड झाली. बदलापुरात आणि अंबरनाथमध्ये दफनाला विरोध झाला. अखेर २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतिनगर स्मशानभूमीत, तेथील रहिवाशांच्या विरोधातच, पोलीस बंदोबस्तात त्याला मूठमाती देण्यात आली. तीन गावांच्या संतापाचे कारण समजते. त्या संतापामागे आईची कळ होती. पण बेघर होऊन आलेल्यांना जागा देऊन वसलेल्या या परिसराने प्रेताला जागा नाकारून कोणता न्याय मिळविला? जिवंत सत्ताधाऱ्यांना विचारावयाचे प्रश्न मेलेल्या माणसावर खर्च झाले, हे त्या संतापाचे अपहरण होते. चौथीतला मुलगा हे सारे पाहत होता. चौकशी, पुरावा, साक्ष, न्याय हे शब्द त्याच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आहेत. गोळी आणि पेढे त्याने रस्त्यावर पाहिले. यांपैकी कोणता धडा त्याच्या मनात राहिला असेल?

मुलांविषयी उच्च न्यायालयाने या सुनावणीत एक मार्मिक उद्गार काढला. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने २७ ऑगस्टला सुचविले, की घोषवाक्य आता मुलग्याला शिकवा आणि मुलीला वाचवा असे हवे. याचा अर्थ मुलग्यांना आणखी एक सुविचार पाठ करून घ्यावा असा नव्हे. मुलगी नाही म्हणाली तर थांबावे, दुर्बळाची थट्टा होत असता हसू नये, मित्राने अन्याय केला तर त्याला पाठीशी घालू नये, हे मुलगा शिकतो ते घरात बाप आईशी कसा बोलतो यावरून आणि शाळेत मुख्याध्यापक शिपायाशी कसा बोलतो यावरून. ज्या घरात मुलीने भांडी घासावी आणि मुलग्याने क्रिकेट पाहावे, त्या घरातल्या मुलग्याला समतेवरचे भाषण म्हणजे स्नेहसंमेलनातला एक कार्यक्रम वाटतो.

कार्यकर्त्यांपुढील काम

हे सारे लिहिताना बोट केवळ इतरांकडे दाखविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. महाराष्ट्रातील अनेक शिक्षणसंस्था ध्येयवादी माणसांनी, त्यांत समाजवादी माणसेही होती, पदरमोड करून उभारल्या. राष्ट्र सेवा दलाच्या १९४१ पासूनच्या शाखांनी कित्येक पिढ्यांना जातपात विसरून एका रांगेत उभे राहण्यास शिकविले. पुढे संस्था मोठ्या झाल्या, इमारती उभ्या राहिल्या, आणि विश्वस्तपदे घराण्यात वाटली जाऊ लागली. कार्यकर्तेही संस्थाचालकांच्या व्यासपीठावर मान मिळाला की गप्प बसू लागले. भिंतीवर साने गुरुजींची तसबीर आणि कार्यालयात कंत्राटदाराचे बिल, हे दृश्य विरोधकांच्याच संस्थांत दिसते असे छातीठोकपणे कोण म्हणेल? मैदानांवरून शाखा ओसरल्या तेव्हा ती जागा रिकामी राहिली नाही. तेथे द्वेषाच्या आणि आज्ञाधारकतेच्या शाखा भरल्या. म्हणून हा प्रश्न आत्मपरीक्षणाचाही आहे.

कामाची दिशा स्पष्ट आहे. बालवर्गापासूनचे शिक्षण हक्काच्या व नियमनाच्या कक्षेत आणले पाहिजे. विनाअनुदानित शाळांतही पालकांना, विशेषतः मातांना, व्यवस्थापनात कायद्याने जागा मिळाली पाहिजे. तक्रारपेटी मुख्याध्यापकाच्या दालनात नको. मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर हवी, आणि ती पालक प्रतिनिधींसमोर उघडली गेली पाहिजे. मुलांच्या सहवासातील कोणतेही काम कंत्राटावर देण्यास बंदी हवी. आपल्या शरीरावर आपला अधिकार आहे, मोठ्या माणसालाही नाही म्हणता येते, हे प्रत्येक मुलाला त्याच्या भाषेत, उल्हासनगरात सिंधीत आणि हिंदीत, बदलापुरात मराठीत, समजावले गेले पाहिजे. अपराधाची माहिती दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास कायद्यात एक वर्षापर्यंतच्या कारावासाची तरतूद आहेच. ती अमलात येते की नाही यावर पाळत ठेवणे हे लोकसंघटनांचे काम आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील प्रत्येक शाळेच्या दारात जाऊन तीन प्रश्न विचारावेत: समितीवर कोण आहेत, तिची शेवटची बैठक केव्हा झाली, आणि पेटी कोण उघडतो? या तीन प्रश्नांनी जे घडेल ते तीनशे सुविचारांनी घडणार नाही.

आणि पुढल्या १५ ऑगस्टला मुख्याध्यापकांनी भाषण अवश्य करावे. मात्र त्यात चारित्र्यावरील सुभाषितांऐवजी वर्षाचा हिशेब असावा. गेल्या वर्षात मुलांच्या किती तक्रारी आल्या, त्यांवर काय केले, कोणत्या तक्रारीत शाळेची चूक होती आणि ती कशी सुधारली, एवढेच त्यांनी पालकांसमोर, शिपायांसमोर आणि पहिल्या रांगेत बसलेल्या शिशुवर्गासमोर वाचून दाखवावे. पहिल्या रांगेतल्या मुलाला त्यातले सगळे शब्द कळणार नाहीत. पण आपल्या शाळेतला सर्वांत मोठा माणूस उभा राहून आपल्याला उत्तर देतो आहे, हे त्याला नक्की कळेल.